माजी पेशंट

गावात माजी सरपंच असतो, सोसायटीत माजी सेक्रेटरी असतो. पद गेलं की दोघांचा दरारा हळूहळू उतरतो आणि नुसती बोलायची सवय शिल्लक राहते. माजी पेशंटचं तसं नाही. एकदा ऑपरेशन झालं की तो तहहयात अनुभवी. त्यातही बायपासवाले जरा जपून बोलतात, गुडघेवाले आधी बसायला खुर्ची कुठली मिळते ते बघतात. निवांत, हौशी आणि अखंड बोलणारा माजी पेशंट पाहायचा असेल तर तो पित्ताशयवाला. त्याचा एक अख्खा अवयव कायमचा गेलेला असतो, पण त्यावाचून काही अडत नाही. म्हणजे दुःख काडीचं नाही आणि विषय जन्मभर पुरणारा.

तुम्ही दवाखान्यात असता तेव्हा तो फिरकत नाही. तिथे भेटायची वेळ संपली की सिस्टर बाहेर काढतात, आणि तेवढ्या वेळात त्याची प्रस्तावनाही होत नाही. तो येतो तुम्ही घरी आल्यावर. मऊ भात पोटात गेलाय, दुखऱ्या कुशीला उशी लावून कसाबसा डोळा लागलाय, अशा वेळी बेल वाजते. दारात माजी पेशंट. हातात दोन शहाळी, मागे बायको आणि शर्टाच्या खिशात डबी. डबीचं पुढे येईलच.

'कसं वाटतंय?' हा प्रश्न सामान्य लोकांचा. माजी पेशंट चपला काढता काढताच विचारतो, "दुर्बिणीतून की चिरून?"

"दुर्बिणीतून."

"भोकं किती? चार ना? माझीही चार."

मग तो पुराव्यादाखल शर्ट वर करतो. बेंबीपाशी एक, छातीच्या हाडाखाली एक आणि उजव्या कुशीला दोन. खुणा आता इतक्या पुसट झाल्यात की नेमक्या कुठे बघायचं ते त्याला बोटानं दाखवावं लागतं. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन आली ती हे दृश्य पाहून तशीच आत वळली. "या वहिनी, या, लाजताय काय! मेडिकल आहे सगळं," असं म्हणत त्यानं शर्ट आणखी वीतभर वर घेतला.

त्याची कथा रात्री अडीच वाजता सुरू होते. पुतण्याचं लग्न, मसालेभातावर तुपाची धार, पंगतीत आग्रह करून वाढलेली जिलबी. रात्री बरगड्यांखाली उजवीकडे कळ उठते ती थेट पाठीत जाते. आधी ओवा, मग सोडा, मग आमसुलाचं पाणी. कोपऱ्यावरचे डॉक्टर छातीचा कागद काढतात, तो चांगला येतो. शेवटी सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी होते आणि खडे सापडतात. इथपर्यंतची गोष्ट चारचौघांसारखीच, पण प्रत्येक माजी पेशंटच्या गोष्टीत दोन वाक्यं असतातच. पहिलं: 'डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.' दुसरं: 'डॉक्टर म्हणाले, एवढे खडे आपण उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत.' महाराष्ट्रातल्या समस्त सर्जनांनी ही दोन वाक्यं समस्त पेशंटांना म्हटलेली दिसतात.

आता डबी. मूळची ती दवाखान्यातली प्लॅस्टिकची बरणी होती, पण ती शोभेना म्हणून त्यानं खडे स्टीलच्या छोट्या डबीत हलवले. चिवड्याच्या बशीशेजारी ती उघडली गेली. खडे मात्र खरोखर बघण्यासारखे होते. पिवळट तपकिरी, वाळून हलके झालेले, आणि एकमेकांना घासून घासून त्यांना सपाट पैलू पडलेले. डबी हलवली की कोरडा खुळखुळ आवाज येई. "कोलेस्टेरॉलचे आहेत, शुद्ध," तो म्हणाला. गावाकडच्या तुपाबद्दल बोलावं तसा सूर. एवढ्यात माझी आई चष्मा न लावता बाहेर आली, डबी तिनं पाहिली आणि "बरं झालं, सुपारी आणलीत," म्हणून चिमटीत दोन उचलली. तिघांनी एकदम आरडाओरडा केला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता आणि सगळ्यात जास्त दुखलंही मलाच, कारण ऑपरेशननंतर ओरडायलाही पोट लागतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

आईनं खडे परत ठेवले. त्यानं ते ताबडतोब मोजले.

मोजणं झाल्यावर तो सल्ल्याकडे वळला. "तुम्ही कापायची घाईच केलीत. कुळथाचं कढण घ्यायचं. पानफुटीची पानं सकाळी अनशापोटी चावून खायची. आमच्या साडूंनी तर नुसत्या बिअरवर खडा पाडला." साडूंचा खडा मूत्रपिंडातला होता आणि माझे पित्ताशयातले. तो खडा बहुतेक वेळा कॅल्शियमचा, लघवीच्या वाटेनं निघू शकणारा. पित्ताशयातल्या खड्याला त्या वाटेनं जायचा रस्ताच नाही; बिअरचे पिंप रिकामे केले तरी तो हलायचा नाही. हे मी सांगून पाहिलं. "अहो, खडा तो खडा," असं म्हणून त्यानं शरीरशास्त्राचं ते प्रकरण मिटवलं. स्वतः कढणावर का थांबला नाहीत, हे मात्र विचारायचं नसतं.

पुढचा विषय खाण्याचा. तूप बंद, तेल बंद, दूध बंद, अंडं बंद, खोबरं बंद. "आता पित्ताशयच नाही म्हटल्यावर पचवणार कोण?" माजी पेशंटच्या वैद्यकात पित्त पित्ताशयात तयार होतं. खरं तर ते तयार करतं यकृत, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय नुसती गच्चीवरची टाकी. जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर साठवायचं, घट्ट करायचं आणि स्निग्ध पदार्थ आले की आकसून एकदम सोडायचं. टाकी काढली की पाणी थेट लाइनीतून, बारीक धारेनं, दिवसभर चालू. म्हणून पहिले काही आठवडे तुपातेलाचं जेवण झालं की एखाद्याचं पोट धावतं, आणि पुढे बहुतेकांचं आपोआप मार्गी लागतं. सर्जननं मला एवढंच सांगितलं होतं: सुरुवातीला हलकं खा, मग सोसेल तसं वाढवा. पण 'सोसेल तसं' हा काही सल्ला नव्हे. त्यात बंदी नाही, आणि बंदी नसलेल्या पथ्याला आपल्याकडे मान नाही. परिणामी साध्या वरणभातावर लिंबू पिळून मी दिवस काढत होतो आणि शेजारी बसून तो चिवडा संपवत होता. "मला आता सगळं चालतं," त्यानं खुलासा केला.

माजी पेशंटांतही पायऱ्या असतात. तो बसलेला असतानाच खालच्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत आले आणि खोलीतली हवाच बदलली. आजोबांचं पित्ताशय पोट चिरून काढलेलं. पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं ऑपरेशन भारतात पहिल्यांदा झालं ते 1990 साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडियांच्या हातून. आजोबांचं त्याच्याही आधीचं. त्यांनी बंडी बाजूला केली. उजव्या बरगड्यांखालून तिरका गेलेला तो लांबलचक व्रण पाहून आमच्या माजी पेशंटनं निमूटपणे शर्ट खाली ओढला.

"आमच्या वेळी हे असं टिकल्या लावल्यासारखं नव्हतं," आजोबा म्हणाले. "मुक्काम पडायचा दवाखान्यात. नाकात नळी, पोटात नळी."

"पण आजोबा, आमच्या पोटात गॅस भरतात!" त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"तो आमच्यात आपसूकच असायचा," आजोबा म्हणाले आणि उठले.

या जमातीचा मूळ पुरुषही नोंदलेला आहे. 1882 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख नावाच्या सर्जननं पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय काढलं. पेशंट 43 वर्षांचा पुरुष, पुष्कळ वर्षं दुखण्यानं बेजार झालेला. दुसऱ्या दिवशी तो चिरूट ओढत होता, असं सांगतात. चिरुटाच्या धुरातून त्यानं भेटायला आलेल्यांना काय काय ऐकवलं असेल, याची मला आता नीट कल्पना येते. पुढे 1985 मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहं यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखवलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. चिरा गेला आणि भोकं आली, पण सांगणाऱ्याचा उत्साह काही कमी झाला नाही. एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटत आलंय. हे खडे पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतात. तरीही डबी घेऊन फिरणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही.

आजोबा गेल्यावर त्यानं गेलेली पत परत मिळवायला घेतली. "तुमचे खडे दिले का हो?" मी टेबलावरची बरणी दाखवली. त्यानं ती उजेडाकडे धरली. माझे खडे मोहरीएवढे. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी करुणा उमटली. "एवढ्यासाठी ऑपरेशन?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, बारीकच जास्त घातकी. मोठा खडा बऱ्याचदा जागच्या जागी बसून राहतो. बारीक खडा नळीत उतरतो, अडकतो, आणि मग कावीळ तरी होते नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते. ते जिवावर बेतू शकतं." त्यानं बरणी खाली ठेवली. "डॉक्टर धीर द्यायला असं म्हणतात," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्या खांद्याचं विचारलं. उजवा खांदा खरोखर दुखत होता. "हेच!" तो पुढे सरकला. "तो खांदा नाही. ते हार्ट. ऑपरेशनच्या वेळी हार्टवर ताण येतो, हे लोक सांगत नाहीत. मी रात्री दोनला सगळा वॉर्ड जागा केला होता." एवढं बोलतोय तोच त्याचा फोन वाजला. पलीकडे कुणाला तरी सोनोग्राफी सांगितली होती. तो उत्साहानं गॅलरीत गेला आणि 'रात्रीचे अडीच वाजले होते' हे शब्द आत ऐकू आले.

इतका वेळ दिवाणाच्या कडेला बसून त्याची बायको माझ्या आईला मेथी निवडू लागत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊजी, हार्ट-बिर्ट काही नसतं. पोट फुगवायला गॅस भरतात ना, तो थोडा आत राहतो आणि वरच्या पडद्याला लागतो, म्हणून खांदा दुखतो. दोन-तीन दिवसांत जिरतो. घरातल्या घरात चालत राहा. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरा. उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठा. पाण्याची बादली उचलायची नाही. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोट जास्तच दुखायला लागलं, तर मात्र घरी बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. आणि तूप कायमचं सोडू नका. चमचाभरापासून सुरू करा."

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर होतं ते सगळं, आणि नव्हतं तेही, एका जुडीच्या वेळात सांगून झालं होतं. माझ्या बायकोनं विचारलं, "तुम्हाला हो इतकं कसं माहीत?"

"माझंही झालंय ना. ह्यांच्या आधी."

"अगं बाई! आम्हाला कळलंच नाही. मग भेटायला कोणी आलं होतं की नाही?"

"आले होते की. बरेच आले होते," ती म्हणाली. "चहा केला मी सगळ्यांना."

"आणि खडे?"

"असतील कुठेतरी. कावीळ झाली होती, तेव्हा आधी नळीतला खडा काढला, मग पिशवी. त्या गडबडीत कोण मागतंय?" तिनं जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली. "ह्यांचं ऑपरेशन इतक्यांदा ऐकलंय, की माझं झालं होतं हे माझंच मला आठवत नाही."

तेवढ्यात तो फोन संपवून गॅलरीतून आत आला. माझी बायको त्याला म्हणाली, "काय हो, वहिनींचंही हेच ऑपरेशन झालंय, ते बोलला नाहीत तुम्ही?"

तो क्षणभर थांबला. आठवलं तसा त्याचा चेहरा उजळला.

"हो की! झालंय ना हिचं," डबीचं झाकण घट्ट लावत तो म्हणाला, "पण हिचे खडे बारीक होते."