ब्राउझर महोदयांस, सीमाभागातून

विषय : 'लँग' या गुणधर्माची नोंद व तिची अंमलबजावणी

महोदय,

वेबपान ब्राउझर महोदयांकडे पोचते ते टॅग लावलेल्या साध्या मजकुराच्या रूपात. त्यावरून महोदय आधी एक वृक्ष उभा करतात: कोणता घटक कोणाच्या पोटात आहे हे त्यात ठरते. मग शैली लागते, मापे घेतली जातात आणि शेवटी पडदा रंगतो. पानाने स्वतःची शैली दिली नसेल तर महोदयांची घरची शैली चालते. 'एच१' ठळक आणि साधारण दुप्पट आकाराचा, 'पी'च्या वर-खाली मोकळी जागा. टॅग बंद करायचा राहिला तरी अर्ज परत येत नाही. चूक कशी सावरायची हेही एचटीएमएल ५ या वेबपानांच्या मानकात लिहिलेले आहे. इतकी सहनशीलता बेळगावातल्या कोणत्याही सरकारी खिडकीवर आढळत नाही.

एचटीएमएल ५ ला डब्ल्यू३सी या वेबमानके ठरवणाऱ्या संस्थेची अंतिम मान्यता २८ ऑक्टोबर २०१४ रोजी मिळाली. चारच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. एचटीएमएल ५ मधली 'नॅव्ह', 'आर्टिकल', 'फुटर' ही नावे मात्र त्या त्या भागाच्या कामावरून ठेवली गेली, आणि त्यासाठी कोणी बंद पुकारला नाही.

'स्ट्राँग' आणि 'बी' हे टॅग पडद्यावर सारखेच ठळक दिसतात. पहिला महत्त्व सांगतो, दुसरा फक्त लक्ष वेधतो. 'डिव्ह'ला मोठा फाँट दिला की तोही मथळ्यासारखा दिसतो, पण मथळ्यामागून मथळा उडी मारत ऐकणाऱ्या अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तो सापडत नाही. आकार म्हणजे अर्थ नव्हे, हे महोदयांना पटलेले आहे. कर्नाटकाच्या २०२४ च्या फलक कायद्याचा भर नेमका आकारावर आहे: फलकाचा ६० टक्के भाग कन्नडला, तोही वरच्या बाजूस. घटकाची भाषा नोंदवणाऱ्या 'लँग'ला क्षेत्रफळ नाही. मराठीसाठी 'एमआर', कन्नडसाठी 'केएन'. दोन-दोन अक्षरे, कोणी वर नाही की खाली नाही.

मूळ घटकाची भाषा आतल्यांना वारशाने मिळते. 'केएन' पानातल्या एखाद्या परिच्छेदावर 'एमआर' लावले की तेवढा परिच्छेद मराठी ठरतो. त्यासाठी तो उचलून दुसऱ्या पानात न्यावा लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर सीमाभागात अडले ते इथेच. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महोदय असे प्रकरण काही मिलिसेकंदांत निकाली काढतात.

तक्रार आहे ती वेगळी. महोदय नोंद तपासत नाहीत. समजा, निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेचे पान संपूर्ण मराठीत आहे, पण तयार टेम्प्लेटातला 'ईएन' कोणी बदललेला नाही. महोदय ते पान इंग्रजी समजून पुढे जातात. काही फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात. 'एमआर' नसेल तर ती बाहेरच येत नाहीत आणि हिंदी वळणाचा ल उमटतो. स्क्रीन रीडरची पंचाईत याहून मोठी. इंग्रजी म्हणून आलेल्या पानात देवनागरी दिसली की आवाज अंदाजाने निवडला जातो, आणि तो हिंदी निघाला तर 'निपाणीचा तंबाखू' यातला च 'चार'मधल्या चसारखा उच्चारला जातो. निपाणीत 'चा'चा असा उच्चार करणाऱ्याला तंबाखूचा व्यापारी लगेच परगावचा ओळखेल. भाषांतर सुचवताना काही ब्राउझर मजकुरावरून भाषा बरोबर ओळखतात, म्हणजे महोदयांना ओळखता येत नाही असे नाही. फक्त ती ओळख अक्षरांच्या वळणापर्यंत पोचत नाही.

बेळगावातल्या उर्दू मजकुराला तर दोन नोंदी लागतात. 'लँग'मध्ये 'यूआर' लिहिले तरी ओळ उजवीकडून सुरू होत नाही. त्यासाठी 'डिर'मध्ये 'आरटीएल' वेगळे भरावे लागते. उलट ज्या मजकुराची भाषा कोणती हेच ठरत नाही, त्याच्यासाठी 'लँग' रिकामा ठेवण्याची सोय आहे. त्याचा अर्थ भाषा अज्ञात असा होतो, आणि महोदय त्यावर खुलासा मागत नाहीत.

कळावे,
सीमाभागातील मराठी वेबपाने