मांडव कुठं आहे?

समुद्रपुरात उन्हाळ्यात लाइन कधी जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. पण कॉम्प्युटरच्या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट सुरू असताना जाईल, हे मी सांगतो. परवा उबुंटूच्या पडद्यावर ‘डन’ हा शब्द उमटला आणि त्याच क्षणी पंखा थांबला. यूपीएसनं एक क्षीण शिट्टी मारली आणि तोही निवर्तला.

लाइन आली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: ‘कर्नल पॅनिक... अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता. बाकी सगळं ठार.

शेजारचे काकाजी चष्मा लावून अख्खा मजकूर वाचून गेले. “व्हायरस शिरला असन बाप्पा.” पुतण्या म्हणाला, “काका, फॉरमॅट मारून टाका ना!” आमच्याकडे फॉरमॅट मारायला कारण लागत नाही, पेनड्राइव्ह लागतो. तो त्याच्या खिशात होताच, विंडोजसकट.

बरं, बिचाऱ्या ग्रबचा यात काही दोष नव्हता. तो बूटलोडर. कर्नल आणि इनिटरॅमएफएस नावाची गठडी मेमरीत चढवून द्यायची, की त्याचं काम संपलं. डिस्क ओळखायची हत्यारं या गठडीत असतात. आमच्याकडे ग्रबच्या यादीत नव्या कर्नलचं नाव चढलं होतं, गठडीची फाइलही दिसत होती. आतला माल मात्र डिस्कवर उतरायच्या आत लाइन गेली. म्हणजे नवरदेव जामच्या चौकात वेळेवर उतरला, पण मांडव समुद्रपुरात की गिरडला हे ठाऊक असलेला मामाच मागं राहिला! नवरदेव घाबरणार नाही तर काय करणार?

सुरू होताना शिफ्ट दाबून धरली (नव्या यूईएफआय मशिनवर एस्केप), तेव्हा ग्रबची यादी उघडली. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निमूट बसलेला. त्याच्यावर एंटर मारला आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात सुरू झालं. मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, पाठोपाठ ‘सुडो अपडेट-ग्रब’. नवा कर्नलही मांडवात पोचला. पुतण्याचा चेहरा पडला. त्याचा पेनड्राइव्ह तसाच परत गेला.

तेव्हा मंडळी, अपडेटआधी यूपीएसची बॅटरी तपासा. आणि जुना कर्नल उगाच जागा खातो, पुसून टाका, असं कोणी सांगायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.