डोसराव

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याही सोसायटीत जा, एखाद्या मजल्यावर तो सापडतोच. मूळचा पुण्याचा किंवा मिरज-सांगलीकडचा, आउटर रिंग रोडवरच्या कंपनीत टीम सांभाळणारा. बायकोची टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या रात्रीपासून त्याच्याकडे दुसरा प्रोजेक्ट आलेला असतो. डोशांच्या गावात राहून दिवसभर डोस मोजतो, म्हणून मी त्याला डोसराव म्हणतो. त्याच्या तोंडावर नाही.

बायकोला उलटी आली की इतर नवरे पाण्याचा ग्लास आणतात, डोसराव लॅपटॉप आणतो. त्याच्या एक्सेलमध्ये हिरवा रंग म्हणजे गोळी घेतली, लाल म्हणजे नाकारली आणि पिवळा म्हणजे घेतली पण उलटून पडली. या पिवळ्यानं त्याची झोप उडवली आहे. अर्धी पुन्हा द्यायची की पूर्ण? रात्री अकराला त्यानं डॉक्टरीणबाईंना मेसेज केला. उत्तर येईना तेव्हा मला फोन केला. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. तरीही मत दिलंच, कारण या विषयावर मत नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या बरणीला आता जागा नाही. तिथं प्रोटीन पावडर, डीएचए, कोलीन, मॅग्नेशियम, प्रोबायोटिक असे डबे दाटीवाटीनं उभे आहेत. शिवाय मित्राच्या बॅगेतून अमेरिकेहून आलेल्या, अस्वलाच्या आकाराच्या गोड गमी. ‘टेस्ट छान आहे गं,’ असं तो बायकोला सांगतो. म्हणजे मधूनमधून एखादं अस्वल तोही खातो.

वाचन मात्र दांडगं. त्यातच त्याला एक गोष्ट सापडली. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त, काळ्या चाटणानं त्या बायका सुधारल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आज पहिल्या तिमाहीत दिलं जाणारं फोलिक ॲसिड, हे पुढं कळलं. फोलिक ॲसिडची गोळी घरात होतीच. पण डोसरावाला इतिहासाचा मान राखायचा होता, त्यानं मार्माइटची बाटली मागवली. बायकोनं झाकण उघडलं, वास घेतला आणि त्या दिवशी एक्सेलमध्ये पिवळ्या रंगाची अख्खी ओळ उमटली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणासाठी सासूबाई राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं उतरल्या. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, खारीक, गूळ-शेंगदाणे आणि घरी दळलेलं नाचणीचं सत्त्व.

‘आई, यावर लेबल नाही.’

‘जावईबापू, मीच दळलंय. मला विचारा काय विचारायचं ते.’

त्यानं खरंच विचारलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हा आकडा शेवटी त्यालाच इंटरनेटवर सापडला आणि तो गप्प झाला. देशात सगळ्यात जास्त नाचणी पिकवणाऱ्या राज्यात बसून गडी परदेशी कॅल्शियम मागवत होता. खाली वॉचमन रोज रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, खातो, त्यानं कधी कुणाला लेबल विचारलं नसावं.

खरा धक्का दिला तो कामवाल्या बाईंनी. त्याही पाच महिन्यांच्या गरोदर. एका सकाळी त्यांनी पिशवीतून गरोदर बायकांचं सरकारी तायी कार्ड आणि आशाताईंनी फुकट दिलेली लाल गोळ्यांची पट्टी काढली. डोसरावानं चष्मा लावून पट्टी वाचली: लोह 60 मिलिग्रॅम, फोलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅम. रोज एक, 180 दिवस. मग अस्वलांची बाटली उलटी करून वाचली. लोह शून्य. बहुतेक गमींमध्ये ते नसतंच. गोडाच्या नादात बायकोचं हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं होतं.

पुढच्या तपासणीला तो सतरा ओळींचं प्रिंटआउट घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी पेन काढलं. कॉड लिव्हर ऑइलवर पहिली काट मारली, कारण त्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व गर्भाला अपायकारक ठरू शकतं. मग एकेक करत चारच ओळी उरल्या: लोह-फोलिक, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि शाकाहारी म्हणून बी-12. लाल पट्टी तर त्यांच्याच नर्सनं दिली.

कॅल्शियमवर त्यानं शेवटची लढाई केली. जागतिक आरोग्य संघटना दीड ते दोन हजार मिलिग्रॅम सांगते, मग इथं कमी का? बाई म्हणाल्या, ‘तुमच्या घराजवळच्या सेंट जॉन्सनं अकरा हजार पहिलटकरणींवर तपासलंय. बंगळुरूतल्याच बायका. टांझानियातही तेवढ्याच. गर्भारपणातला रक्तदाबाचा आजार टाळायला रोज पाचशे मिलिग्रॅम दीड हजारापेक्षा कमी पडलं नाही. जानेवारी 2024 मध्ये छापून आलंय.’ शेजारच्या शहाणपणाला त्यानं जन्मात किंमत दिली नव्हती. पण हे इंग्रजी जर्नलमध्ये आलं होतं, म्हणून ऐकलं.

सतरातले तेरा डबे आता माझ्याकडे आहेत. प्रोटीन पावडर मी दुधातून घेतो, बरी लागते.

एका बाबतीत मात्र डोसराव शंभर टक्के बरोबर आहे. लोहाच्या गोळीच्या अलीकडे-पलीकडे चहा-कॉफी घेतली की लोह नीट शोषलं जात नाही, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. हा नियम त्यानं बायकोबरोबर आल्यागेल्यालाही लावला आहे. तेव्हा त्यांच्याकडे जाणार असाल तर वाटेतल्या दर्शिनी हॉटेलात बाय-टू कॉफी पिऊनच वर जा.