चेंडूचा कुलवृत्तांत

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात पहिल्या धड्यात हमखास एक गाडी असते. तिला चार चाकं, एक रंग आणि 'स्टार्ट' नावाची मेथड असते. मेथड चालवली की पडद्यावर 'गाडी सुरू झाली' एवढी ओळ उमटते. गाडी तसूभर हलत नाही. पुढच्या धड्यात कुत्रा येतो, तोही भुंकल्याचं लेखीच कळवतो. या लेखी भुंकण्याच्या भरवशावर विद्यार्थ्यानं इनहेरिटन्सची व्याख्या घोकायची आणि परीक्षेत दोन मार्क पदरात पाडून घ्यायचे. माझं म्हणणं एवढंच, की हा विषय खरोखर कळायला हवा असेल तर ऑब्जेक्ट डोळ्यांना दिसला पाहिजे. आणि तो दाखवण्यात फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्टचा हात धरणाऱ्या भाषा थोड्याच.

फ्लॅशच्या स्टेजवर एक गोल काढा, त्याची मूव्ही क्लिप करा, तिला नाव द्या आणि लिसनर लावून दर फ्रेमला तिचा एक्स 5 नं वाढवा. चेंडू उजवीकडे पळू लागतो. काठाशी आला तरी थांबत नाही, कारण थांबायला कोणी सांगितलेलंच नसतं. दिसेनासा झाल्यावरही, लिसनर काढून घेईपर्यंत, तो इमानेइतबारे पळतच असतो. ऑब्जेक्टची स्थिती त्याची त्याच्याकडे असते आणि आपण तिकडे पाहिलं नाही म्हणून ती बदलायची राहत नाही, हे तत्त्व चार पानांच्या विवेचनापेक्षा या पळपुट्या चेंडूकडून लवकर कळतं.

इनहेरिटन्सचंही तेच. 2006 मध्ये आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट 3 मध्ये मूव्ही क्लिपचा कुलवृत्तांत सात पिढ्यांचा आहे. मूळपुरुष ऑब्जेक्ट, त्याचा इव्हेंट डिस्पॅचर, ज्यानं घराण्यात निरोप ऐकायची सोय केली. त्याचा डिस्प्ले ऑब्जेक्ट; एक्स, वाय आणि पारदर्शकता ही त्याची कमाई. पुढे माउस-कीबोर्डला ओ देणारा इंटरॅक्टिव्ह ऑब्जेक्ट, मग पोटात मुलंबाळं सामावणारा डिस्प्ले ऑब्जेक्ट कंटेनर, मग स्प्राइट आणि शेवटी टाइमलाइन घेऊन आलेली आपली मूव्ही क्लिप. म्हणजे चेंडू सरकतो तो खापरपणजोबांच्या पुण्याईवर! मजकूर दाखवणारी टेक्स्टफील्ड पणजोबांपासूनच वेगळी निघाली, म्हणून तिला आपल्या पोटात दुसरं काही ठेवता येत नाही. कोणाला काय येतं आणि का येतं, हे एकदा असं लागलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ही भाषा वाईट सवयी लावते. खरं आहे. जुन्या आवृत्त्यांत कोड थेट बटणाला चिकटवता येई. क्लिपच्या पोटातल्या क्लिपमधल्या बटणात दडलेली ओळ शोधताना दिवस मावळे. नसलेल्या क्लिपला हुकूम सोडला तरी भाषा हूं की चूं करत नसे. पण तिसऱ्या आवृत्तीनं बटणावरचा कोड बंद केला आणि अस्तित्वात नसलेल्याला हाक मारणाऱ्याच्या तोंडावर 1009 नंबरची एरर फेकली. वाईट सवय का वाईट, हे ज्यानं भोगलं त्याला समजवावं लागत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार: भाषा तर गेली. 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीनं फ्लॅश प्लेअरला निरोप दिला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात चालणारा मजकूर अडवला. पण गेलं ते प्लेअर. भाषेचं मूळ जावास्क्रिप्टच्याच ईसीएमएस्क्रिप्ट प्रमाणात होतं. 'क्लास' हा शब्द जावास्क्रिप्टच्या प्रमाणात 2015 मध्ये रुजू झाला, ॲक्शनस्क्रिप्टवाले तो आधीपासून वापरत होते. मुलांच्या स्क्रॅचची 2013 ची दुसरी आवृत्तीही ॲक्शनस्क्रिप्टमध्येच लिहिलेली होती. शिकलेलं वाया गेलं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आज कोणी ॲक्शनस्क्रिप्टचा क्लास लावावा असा माझा आग्रह नाही. स्क्रॅच आहे, जावास्क्रिप्टचा कॅनव्हास आहे. शिक्षकांना विनंती एकच: पहिल्या धड्यातली ती गाडी एकतर चालवून दाखवा, नाहीतर भंगारात काढा.