मागच्या शॉकअपचे नाना

पैठणी घ्यायला येवल्यात आलेलं अख्खं वऱ्हाड दिवसभर दुकानात बसतं, पण संध्याकाळी पैठणी घेऊन उठतं तरी. आमच्या नानांचे मागचे दोन शॉकअप अजून ठरायचेच आहेत.

गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. तिचं पद्मिनी हे बारसं १९७४ साली झालं. तरी गावात कुणी ‘फियाट’ म्हणालं की नाना आधी त्याला दुरुस्त करतात, मग शॉकअपवर येतात. “वजन शॉकअप पेलत नाही हो, ते कमानपाटे पेलतात. शॉकअप फक्त पाट्यांचं नाचणं आवरतो.” तेलाचा शॉकअप मऊ, पण खराब रस्त्यावर तापला की तेलाला फेस येतो, गॅसचा फेस येऊ देत नाही, पण ढुंगणाला कडक. नानांना मऊ तेलाचा हवा आणि फेस न येणारा गॅसचा. मेकॅनिक म्हणतो, “नाना, असा निघाला की पहिला जोड तुमचा.”

दरम्यान संशोधन चालूच. विंचूर चौफुलीवर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीची डिकी नाना दाबून सोडतात. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप शाबूत, डोलत राहिली तर गेला. मालक ओरडत आला की त्यालाच निदान सांगतात. नानींना मागच्या सीटवर बसवून अंकाईपर्यंत नेतात. दर गतिरोधकानंतर विचारतात, “कसं वाटलं?”

“घरी जावंसं वाटलं.”

शेवटी मेकॅनिकनेच तोड काढली. पाटे उघडून गंज घासला, बुश बदलले, टायरमधली जास्तीची हवा सोडली आणि म्हणाला, “पाटे पाच माणसं अन् सामानाच्या हिशोबानं बनवलेत, नाना. तुम्ही हिंडता एकटे. डिकीत कांद्याच्या दोन गोण्या टाका.”

गाडी लोण्यासारखी चालली! नानांनी शॉकअपचं नाव टाकलं. महिनाभर डिकीत कांदा, गाडीत वास आणि चेहऱ्यावर समाधान.

मग बाजार समितीत भाव चढला. नानींनी दोन्ही गोण्या विकल्या आणि पद्मिनी पुन्हा उसळू लागली. आता कांदा वधारला की तालुका पेढे वाटतो; एकटे नाना तेवढे शॉकअपच्या दुकानात बसलेले असतात.