कपाटामागचं पाणी

भंडाऱ्याचं घर विका आणि पुण्याला या, असा मुलाने लकडा लावला तेव्हा घर विकायला गिऱ्हाईक लागतं एवढंच मला ठाऊक होतं. घराला आधी दाखवायच्या मुलीसारखं नटवावं लागतं, हे ज्ञान फोनवर मिळालं. "बाबा, घर मोकळं दिसलं पाहिजे. येणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे आपला सोफा मावेल." आता आमच्या घरात आमचाच सोफा मावत नव्हता. तो छपरीत उभा होता, आणि त्याच्या आडोशाला तांदळाची पोती.

खरा प्रश्न पितळेचा होता. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. तांब्यात जस्त घालून इथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जी भांडी घडवली, त्यांतली निम्मी तरी माझ्या सासऱ्यांनी आंदणात दिली असावीत. पुढे स्टीलने पितळेचा बाजार बसवला, पण ती बातमी आमच्या घरापर्यंत आली नाही. गुंड, गंगाळ, कोपर, घागरी सगळं जागच्या जागी. मी धीर करून "मोडीत घालू या का?" म्हटलं, तर ही शांतपणे म्हणाली, "आधी तुमची पेटी घाला." पेटीत माझे नकाशे आहेत. मी भूगोलाचा मास्तर. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधीचे अखंड भंडाऱ्याचे नकाशे मी जपून ठेवलेत. न जाणो, पुन्हा एक झाले तर! शेवटी तह झाला आणि गुंडापासून गोंदियापर्यंत सगळं माळ्यावर गेलं.

आणि मग घर दिसायला लागलं. कॅलेंडर काढलं तर मागे भिंतीचा हा एवढा पोपडा. गंगाळ उचललं तर त्याच रात्री पाऊस आला आणि कवेलू फुटलंय त्याच्या बरोबर खाली ते इतकी वर्षं का होतं याचा उलगडा झाला. पोती सरकवली तर घुशीचं बीळ, आणि बिळातून घूस माझ्याकडे अशी बघत होती की भाडं थकलेलं माझंच आहे. शेवटी मी दात-ओठ खाऊन लोखंडी कपाट सरकवलं. मागे पूर होता.

म्हणजे पुराची रेघ. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगा गावात शिरली, तेव्हाची. आम्ही सगळं घर धुतलं होतं, पण कपाट जड म्हणून त्याच्यामागे हात घातला नव्हता. मी कपाट तातडीने परत लोटलं, त्याचा फोटो पाहून मुलगा म्हणाला, "ते मध्येच काय आहे? काढा." म्हणून रेघ रंगवायची ठरवली. दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट होता. मी फक्त रेघेपुरताच फिरवला. सगळी भिंत रंगवायला मला काय वेड लागलंय? वाळल्यावर पाहिलं, तर आधीची मळकट, कुणाच्या लक्षातही न येणारी रेघ आता दारातूनच डोळ्यांत भरत होती. तिच्यापुढे खाट टाकली.

पहिलं गिऱ्हाईक चांगलं होतं. नवरा-बायको, मऊ बोलणारे. त्यांना घर आवडलंही होतं, तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. "काहो मास्तर, पुराच्या वेळी तुम्ही आमच्याच गच्चीवर होते ना?" ते चहाला थांबले नाहीत.

नंतर एक नदीपलीकडचा, कारध्याकडचा गडी आला. त्याने पहिलाच सवाल टाकला, "काकाजी, पाणी कुठवर आलं होतं?" मी ताबडतोब भूगोल काढला. मध्य प्रदेशात झालेला पाऊस, संजय सरोवरातून सोडलेलं पाणी, खाली गोसीखुर्दची 33 दारं... मी दारं उघडत होतो तोवर त्याने खाट सरकवली.

"हे काय जी?"

"डिझाइन आहे," मी म्हणालो.

त्याने पट्ट्याला गुडघा लावून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. "इतलंच? आमच्या इथं तं छातीले लागलं होतं!" मग माळ्याकडे पाहत म्हणाला, "मजबूत आहे ना? पुढच्या वेळी सामान वर टाकाव लागन." मी काही बोलायच्या आत त्याने माळ्याचा पडदा ओढला. आधी गुंड आला. मग कोपर. मग घागरी, आणि सर्वांत शेवटी, सावकाश उलगडत, गोंदियासह भंडारा जिल्हा.

"मजबूत आहे," तो डोकं चोळत म्हणाला. "एवढं धरून होता."

सौदा ठरला. इसाराचे पैसे मोजताना त्याने एकच अट घातली, निळा पट्टा पुसायचा नाही. पुढचा पूर त्याच्यावरून मोजायला बरा पडेल म्हणाला.