डिस्पोजलवाले अण्णा

वरकुट्यात सकाळी धुराचा लोट उठला तर कुणी 'ऊस पेटला' म्हणून पळत नाही. अण्णांची जीप सुरू झालेली असते.

अण्णा सैन्यात कधीच नव्हते, त्यांची जीप होती. तेवढ्या नात्यावर ते स्वतःला माजी सैनिक धरून चालतात. पारावर बसले की "आम्ही पासष्टला..." अशी सुरुवात होते. पासष्टला अण्णा चार वर्षांचे होते, पण जीप भरतीच्या वयाची होती, आणि दोघांचा हिशेब ते एकाच खात्यावर मांडतात.

जीप डिस्पोजलची. आली तेव्हा बंपरवर उभा बाण आणि लष्करी नंबर होता. लष्कराच्या गाडीची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे संरक्षण खात्याकडेच असते, पण लिलावात निघाली की तिलाही चारचौघींसारखं आरटीओकडून पासिंग करून घ्यावं लागतं. "रिटायर झाला म्हणून जवानाचं नाव बदलता का?" अण्णांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी बाण खोडायला सांगितला.

खरा घाव रंगाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला १२१ वा नियम: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. "हा कढीपत्ता आहे," अण्णा म्हणाले. साहेबांच्याही घरी फोडणी होत असावी; त्यांनी ऐकलं नाही. जीप पांढरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दोघीतिघी किटल्या घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या. तेव्हापासून अण्णांचा स्वेटर हिरवा, कानटोपी हिरवी, जेवणाचा डबासुद्धा हिरवा. नियम गाडीला आहे, मालकाला नाही.

मग २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची खासगी गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला वीस हजार रुपये. अण्णांनी पैसे बाजूला काढले, इस्त्रीचा सदरा घातला, आणि एजंटाने पुढचं वाचून दाखवलं: गाडी मूळ रूपात हवी. आता अण्णांच्या जीपचं पेट्रोल इंजिन कधीच जाऊन डिझेलचं बसलंय, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, आणि सायलेन्सर ट्रॅक्टरचा आहे हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. मूळचं म्हणावं असं बॉनेट उरलंय. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला चालत नाही. प्रदर्शन, रॅली एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

"मग मी दुसरं काय करतो?" अण्णा म्हणाले. "डाळिंबाची क्रेटं घेऊन इंदापूरला जातो, तेव्हा रस्ताभर लोक बघतातच की!"

"बघत नाहीत, ढकलतात," आतून काकूंचा आवाज आला.

गेल्या दिवाळीत पुतण्याने त्यांना अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय दाखवलं. १९९४ पासूनचं आहे, देशोदेशीचे रणगाडे ओळीने उभे. अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. तोफ हे शस्त्र कायद्याप्रमाणे निषिद्ध हत्यार. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही, असं वकिलाने पुस्तक काढून समजावलं.

"तोफ त्यांनाच ठेवू द्या," अण्णा म्हणाले. "खालचा ट्रॅक्टर सुटा मिळतो का, तेवढं विचारा."